सोने-सोने टकरीतल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या: हिशेबातले आकडे मोजमापाशी का जुळत नाहीत?

ऋणभार

नमस्कार मंडळी. ऱ्हिक या अमेरिकेतल्या कणवेगवर्धकातल्या २०० जीईव्ही (ऊर्जेचं एकक, इथे वस्तुमान आणि संवेगालाही तेच) सोने-सोने टकरींसाठी फोटॉन-फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या किती बनतील याचा हिशेब मांडतो आहे. केंद्रकं एकमेकांना न शिवता बाजूने निघून जातात, अशाच टकरी धरल्या आहेत. पद्धत नेहमीची: व्हाइत्सेकर-विल्यम्स फोटॉन फ्लक्स (वेगवान केंद्रकाचं क्षेत्र म्हणजे फोटॉनचा झोत असं धरून) दोन्ही बाजूंनी, आणि मधे ब्राइट-व्हीलरचा, म्हणजे दोन फोटॉनमधून जोडी बनण्याचा, क्रॉस सेक्शन (प्रक्रिया घडण्याच्या शक्यतेचं क्षेत्रफळातलं माप, एकक बार्न). गॅमा (केंद्रकाचा लॉरेंट्झ गुणक) १०७, झेड (केंद्रकाचा भार) ७९, त्रिज्या ६.४ फेम्टोमीटर, बी (दोन केंद्रकांच्या वाटांमधलं आडवं अंतर) दोन त्रिज्यांपेक्षा जास्त.

अडचणी तीन आहेत.

एक, कोणतेही कट न लावता क्रॉस सेक्शन तीस हजार बार्नच्या वर जातो. स्टार या ऱ्हिकवरच्या प्रयोगाच्या २०२१ च्या निकालात २६१ मायक्रोबार्न आहे. त्यांचे कट लावले (प्रत्येक ट्रॅकचा आडवा संवेग ०.२ जीईव्हीच्या वर, स्यूडोरॅपिडिटी (बीमशी होणाऱ्या कोनाचं माप) उणे १ ते १, जोडीचं वस्तुमान ०.४ ते २.६ जीईव्ही), तरी अडीच मिलीबार्नच्या आसपास येतो. म्हणजे अजून दहापट जास्त.

दोन, जोडीच्या एकूण आडव्या संवेगाचं वितरण बी बदलला तरी तसंच राहतं, आणि मोजमापापेक्षा अरुंद येतं.

तीन, जोडीचा एकूण आडवा संवेग आणि ट्रॅकचा आडवा संवेग यांच्यातल्या कोनाच्या चौपटीच्या कोसाइनचं मॉड्युलेशन (त्या कोनानुसार संख्येत होणारा चढउतार) माझ्याकडे शून्य येतं.

पुढे खऱ्या डेटावर काम करायचं आहे, म्हणून घटना निवडण्याच्या बाजूने काय सांभाळावं हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

---

बेसेलप्रेमी

पहिल्या अडचणीपुरतं लिहितो, कारण ती सोडवली की कोडवर विश्वास बसतो.

तीस हजार बार्नचा आकडा चुकीचा नाही. सोने-सोने २०० जीईव्हीला एकूण जोडीनिर्मिती खरंच तेवढी आहे. शिशासाठी एलएचसी या सर्नच्या वेगवर्धकाच्या ऊर्जेला ती दोन लाख बार्नच्या घरात जाते. पण त्यातला जवळजवळ सगळा भाग काही एमईव्ही वस्तुमानाच्या, बीमच्या दिशेला चिकटून जाणाऱ्या जोड्यांचा असतो आणि त्या कोणत्याही मध्यवर्ती डिटेक्टरला दिसत नाहीत. म्हणून एकूण आकड्याची तुलना २६१ मायक्रोबार्नशी करूच नका. या दोन आकड्यांत दहाच्या आठव्या घाताचं अंतर आहे.

आधी कोड दोन जागी तपासा. डब्ल्यू (जोडीचं वस्तुमान) १ जीईव्ही ठेवून नुसता ब्राइट-व्हीलर क्रॉस सेक्शन काढा: इलेक्ट्रॉनसाठी ३.६९ मायक्रोबार्न यायला हवा, आणि त्याच सूत्रात म्युऑनचं वस्तुमान घातलं तर ०.९५. इलेक्ट्रॉनचा बरोबर आणि म्युऑनचा चुकीचा आला, तर वस्तुमानाच्या पदांत घोळ आहे. इलेक्ट्रॉनला ती पदं इतकी छोटी असतात की चूक झाकली जाते.

मग कोनाचं वितरण पाहा. वस्तुमान सोडून दिलं तर ते (१ + कोसाइन²) भागिले (१ − कोसाइन²) असं जातं, दोन्ही टोकांना उसळणारं. डब्ल्यू १ जीईव्ही आणि जोडीची रॅपिडिटी शून्य असताना स्यूडोरॅपिडिटीचा कट लावल्यावर फक्त ९ टक्क्यांच्या जवळपास उरायला हवं. या ठिकाणी आडव्या संवेगाचा कट वेगळं काहीच कापत नाही, कारण कोनाचा कट पार केलेल्या ट्रॅकचा आडवा संवेग ०.३२ जीईव्हीच्या खाली येऊच शकत नाही. ०.४ जीईव्ही वस्तुमानाला मात्र तोच कट दार पूर्ण बंद करतो. स्टारची वस्तुमानाची खालची मर्यादा तिथे आहे ती त्यामुळेच.

आता फ्लक्स. एकक क्षेत्रामागे, एकक ऊर्जेमागे तो असा: झेड² × अल्फा ÷ (पाय² × ओमेगा × बी²) × क्ष² × के१²(क्ष), जिथे ओमेगा म्हणजे फोटॉनची ऊर्जा, क्ष म्हणजे ओमेगा × बी ÷ गॅमा, आणि के१ हे बेसेल फल. ओमेगा लॉगरिदमिक पायऱ्यांनी घ्या. बीची वरची मर्यादा कुठे ठेवता यावर बरंच अवलंबून आहे. फ्लक्स जिथे कोसळू लागतो तो बी म्हणजे गॅमा ÷ ओमेगा: अर्ध्या जीईव्हीच्या फोटॉनसाठी सुमारे ४२ फेम्टोमीटर, अर्ध्या एमईव्हीच्या फोटॉनसाठी त्याच्या हजारपट. कट लावलेल्या हिशेबाला काहीशे फेम्टोमीटरचा ग्रिड पुरतो, एकूण क्रॉस सेक्शनला अजिबात पुरत नाही.

आणि तुमची दहापट. ती न्यूट्रॉनच्या अटीत आहे. स्टारने दोन्ही बाजूंच्या झेडडीसीमध्ये (बीमच्या रेषेत दूर ठेवलेले न्यूट्रॉन मोजणारे डिटेक्टर) न्यूट्रॉन दिसलेल्या घटनाच घेतल्या आहेत, प्रत्येक बाजूला १ ते ४. म्हणजे ती टक्कर फक्त दोन फोटॉनची नाही. त्याच वेळी आणखी फोटॉनची देवाणघेवाण होऊन दोन्ही केंद्रकं उत्तेजित झालेली असली पाहिजेत. मुख्य वाटा जायंट डायपोल रेझोनन्सचा (केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांविरुद्ध हेलकावतात ते उत्तेजन). सोन्यासाठी एका केंद्रकाच्या अशा उत्तेजनांची सरासरी संख्या अंदाजे ९४ ÷ बी² (बी फेम्टोमीटरमध्ये) धरा, आणि संभाव्यता १ − घातांकी(उणे ती संख्या). दोन्ही केंद्रकं स्वतंत्रपणे उत्तेजित होतात म्हणून वर्ग करा. बी १५ ला सुमारे १२ टक्के, २० ला ४ टक्क्यांच्या थोडं वर, ४० ला ०.३ टक्के. वरच्या ऊर्जेची उत्तेजनं धरली की हे आकडे वाढतात, म्हणून अंतिम हिशेबात फोटॉन शोषणाचा मोजलेला क्रॉस सेक्शनच वापरा. कल येण्यापुरतं हे सूत्र चांगलं आहे.

महत्त्वाचं म्हणजे ही संभाव्यता बीच्या इंटिग्रलच्या आत गुणायची. सगळं काढून झाल्यावर शेवटी एका सरासरी आकड्याने गुणलंत, तर क्रॉस सेक्शन जवळपास जुळेलही, पण बीचं वितरण चुकीचं राहील आणि तुमची दुसरी अडचण कधीच सुटणार नाही. न्यूट्रॉनची अट घातली की टकरी जवळच्या होतात, २० फेम्टोमीटरच्या घरातल्या. फोटॉनचा स्पेक्ट्रम त्यामुळे जास्त ऊर्जेकडे झुकतो.

---

शून्यवस्तुमान

दुसरी आणि तिसरी अडचण मुळात एकच आहे: तुम्ही संभाव्यता गुणता आहात, अॅम्प्लिट्यूड (जिचा वर्ग म्हणजे संभाव्यता) नाही.

नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक फोटॉनला एक आडवा संवेग दिला जातो. त्याचं वितरण फॉर्म फॅक्टरच्या (केंद्रकातला भार कसा पसरला आहे हे सांगणारं फल) वर्गाने आणि के² ÷ (के² + ओमेगा²/गॅमा²)² या पदाने ठरतं, के म्हणजे तो आडवा संवेग. अर्ध्या जीईव्हीच्या फोटॉनला ओमेगा ÷ गॅमा ४.७ एमईव्ही होतो, आणि वरून फॉर्म फॅक्टर ३० एमईव्हीच्या आसपास कापायला लागतो. दोन फोटॉनचे आडवे संवेग यादृच्छिक कोनात मिळवले की जोडीचा संवेग. यात बी कुठेही नाही, मग वितरण बीनुसार बदलेल कसं? स्टारलाइट हा अशा टकरींचा नेहमीचा सिम्युलेशन प्रोग्रॅमही असंच करतो, म्हणून त्यातही हा परिणाम दिसत नाही.

बी हा स्थानाचा चल, आडवा संवेग त्याचा फूरिये जोडीदार. एक ठरवलात की दुसऱ्याचं वितरण बदलणारच. योग्य मांडणीत अॅम्प्लिट्यूड आणि तिचा संयुग्म यांत फोटॉनचे संवेग वेगवेगळे असतात. पहिलीत एका फोटॉनचा क१, दुसरीत क१′, पण जोडीचा एकूण संवेग दोन्हीकडे सारखाच. मग चार फॉर्म फॅक्टर येतात आणि सोबत बी · (क१ − क१′) या कोनाचा फेज. सगळ्या बीवर, कोणतीही अट न घालता इंटिग्रेट केलंत तर फेज क१ आणि क१′ समान करून टाकतो आणि जुनं सूत्र परत मिळतं. पण तुम्ही बीवर दोन अटी घातल्या आहेत: दोन त्रिज्यांपेक्षा जास्त, आणि न्यूट्रॉनची संभाव्यता. त्यामुळे फेज उरतो आणि वितरण रुंद होतं.

स्टारच्या आकड्यांत हे स्वच्छ दिसतं. आडव्या संवेगाच्या वर्गाच्या सरासरीचं मूळ केंद्रकं न शिवणाऱ्या टकरींत सुमारे ३८ एमईव्ही आहे, आणि ६० ते ८० टक्के सेंट्रॅलिटीच्या (शून्य टक्के म्हणजे समोरासमोर), म्हणजे कडेने घासून जाणाऱ्या टकरींत सुमारे ५१. २०१८ मध्ये स्टारने इलेक्ट्रॉन जोड्यांत आणि एलएचसीवरच्या अॅटलास प्रयोगाने म्युऑन जोड्यांत हे रुंदावणं दाखवलं, तेव्हा क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मातलं (टकरीत बनणारं अतितप्त माध्यम) चुंबकीय क्षेत्र किंवा तिथे कणांचं विखुरणं अशी कारणं पुढे आली होती. नंतर बीचं अवलंबन नीट धरून केलेल्या क्वांटम विद्युतगतिकीच्या हिशेबातच बहुतेक रुंदी आली. मला हा या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो: आधाररेषा बरोबर नसेल, तर माध्यमाबद्दल काहीही म्हणता येत नाही.

इंटिग्रल सहा-आठ परिमाणांचं होतं आणि फेजमुळे हेलकावतं. वेगास (यादृच्छिक बिंदू घेऊन इंटिग्रल काढायची) पद्धतीने केलंत तर मोठ्या बीला एकमेकांना खाणाऱ्या पदांमुळे त्रुटी फुगते. सोपा मार्ग: बीचा ग्रिड आधी ठरवा, प्रत्येक बीला अॅम्प्लिट्यूड वेगळी काढा, आणि अटी शेवटी वजन म्हणून लावा. फॉर्म फॅक्टर वूड्स-सॅक्सनचा (कडेला हळूहळू विरळ होणाऱ्या भाराचा) घ्या (त्रिज्या ६.३८, कड ०.५३५ फेम्टोमीटर). कडक कडेच्या गोलाचा घेतलात तर मोठ्या संवेगाला कृत्रिम लाटा येतात.

आता कोन. वेगवान केंद्रकाचं विद्युतक्षेत्र त्रिज्येच्या दिशेत असतं, म्हणून फोटॉन रेषीय ध्रुवित असतात आणि ध्रुवणाची दिशा त्यांच्या आडव्या संवेगाला धरून असते. तुम्ही ब्राइट-व्हीलरचा अध्रुवित, सरासरी घेतलेला क्रॉस सेक्शन वापरलात तिथेच ही माहिती गेली. हेलिसिटीनुसार (स्पिनचा गतीच्या दिशेतला घटक) वेगळ्या अॅम्प्लिट्यूड ठेवा. अॅम्प्लिट्यूडमध्ये दोन फोटॉनची एकूण हेलिसिटी अधिक २ आणि संयुग्मात उणे २, यांच्या व्यतिकरणातून चौपट कोनाचं पद येतं. स्टारने केंद्रकं न शिवणाऱ्या टकरींत १६.८ ± २.५ टक्के मोजलं आणि ६० ते ८० टक्के सेंट्रॅलिटीला २७ ± ६. दुप्पट कोनाचं पद वस्तुमानाचा वर्ग भागिले आडव्या संवेगाचा वर्ग या प्रमाणात असतं. इलेक्ट्रॉनला ते नगण्य, म्युऑनला नाही. म्हणून इलेक्ट्रॉनमध्ये दुप्पट कोनाचं पद दिसायला लागलं तर आधी डिटेक्टरवर संशय घ्या.

कोनाची व्याख्याही सांभाळा. एक बाजू म्हणजे दोन्ही ट्रॅकच्या आडव्या संवेगांची बेरीज, दुसरी त्यांच्या वजाबाकीचा अर्धा. वजाबाकीऐवजी नुसत्या पॉझिट्रॉनचा संवेग घेतलात, तर बेरजेचाच अर्धा त्यात मिसळतो आणि नसलेली पदं तयार होतात.

---

घनभार

एक आक्षेप. हे फोटॉन आभासी आहेत. मग याला ब्राइट-व्हीलर म्हणणं कितपत बरोबर? १९३४ सालीच लांडाउ आणि लिफ्शित्झ यांनी दोन विद्युतभारित कणांच्या टकरीतून जोडीनिर्मिती मांडली होती. हे तेच नाही का?

---

शून्यवस्तुमान

प्रश्न रास्त आहे. एकूण तीस हजार बार्न घेतलात, तर लांडाउ-लिफ्शित्झ हेच नाव योग्य. पण इथे आभासीपणाची कमाल मर्यादा केंद्रकाच्या आकाराने घातलेली आहे: सुमारे ३० एमईव्हीचा वर्ग, म्हणजे ०.००१ जीईव्ही²च्या आसपास. जोडीचं वस्तुमान किमान ०.४ जीईव्ही, त्याचा वर्ग ०.१६. दीडशेपटीहून जास्त फरक. त्यामुळे लांबीच्या दिशेत ध्रुवित फोटॉनचा वाटा दबतो, आणि उरतं ते वास्तव फोटॉनसारखं वागणारं. त्याची खूण डेटात शोधता येते. दोन वास्तव फोटॉनमधून स्पिन-१ कण बनत नाही, हे लांडाउ-यांग प्रमेय. मोजलेलं वस्तुमानाचं वितरण सलग आहे, मेसॉनची शिखरं नाहीत. कोनाचं वितरण ब्राइट-व्हीलरचं आहे. चौपट कोनाचं पद आडव्या ध्रुवणाचं आहे. ही ब्राइट-व्हीलर प्रक्रियाच आहे हा स्टारचा दावा या तिन्हींवर मिळून उभा आहे, एकट्या क्रॉस सेक्शनवर नाही. "वास्तव" शब्दावर कुणी अडून बसलं तर वाद संपणार नाही, पण कोणतं मोजमाप काय वगळतं हे यात स्पष्ट आहे.

---

टीपीसीवाली

डेटाच्या बाजूचं मी लिहिते.

ट्रिगर असा: दोन्ही झेडडीसीत सिग्नल, पुढच्या बीम-बीम काउंटरमध्ये काहीच नाही, आणि टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये (कण पोचायला लागलेला वेळ मोजणारा डिटेक्टर) मोजके हिट. विश्लेषणात बरोबर दोन ट्रॅक, विरुद्ध भाराचे, दोन्ही टाइम-ऑफ-फ्लाइटला जुळलेले. ही जुळणी पाइल-अपचे, म्हणजे आधीच्या टकरींतले, जुने ट्रॅक बाहेर काढते, म्हणून ती सैल करू नका. ०.५ टेस्लाच्या क्षेत्रात २.१ मीटरवरच्या टाइम-ऑफ-फ्लाइटपर्यंत पोचायला ट्रॅकला ०.१६ जीईव्ही लागतातच, आणि त्या सीमेवर कार्यक्षमता वेगाने बदलते. कट ०.२ ला ठेवायचं कारण हेच.

खरा शत्रू पायॉन. फोटॉन-पोमेरॉनमधून (पोमेरॉन म्हणजे तीव्र बलाची भाररहित देवाणघेवाण) बनणारा रो मेसॉन दोन पायॉनमध्ये मोडतो, त्याची संख्या इलेक्ट्रॉन जोड्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि सुसंगत निर्मितीत (अख्खं केंद्रक एकत्र भाग घेतं तेव्हा) त्याचाही आडवा संवेग १०० एमईव्हीच्या खालीच असतो. म्हणजे आडव्या संवेगाचा कट इथे मदत करत नाही.

टाइम-ऑफ-फ्लाइटवर भिस्त ठेवाल तर फसाल. ०.३ जीईव्हीला २.२ मीटरच्या वाटेत इलेक्ट्रॉन आणि पायॉन यांच्यात ७५० पिकोसेकंदांचा फरक असतो, ०.७ ला १४५, १ जीईव्हीला फक्त ७० च्या आसपास. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या घटनांत सुरुवातीची वेळच नसते. दोनच ट्रॅक, पुढच्या डिटेक्टरमध्ये हिट नाही. म्हणून दोन ट्रॅकच्या वेळांची वजाबाकी घ्यावी लागते, आणि ती अपेक्षित वजाबाकीशी ताडून पाहायची. आता विचार करा: पाठीला पाठ लावून निघालेली जोडी, दोघांचे संवेग आणि वाटा जवळपास सारख्या. दोन्ही इलेक्ट्रॉन असोत वा दोन्ही पायॉन, वजाबाकी शून्यच. नेमक्या सममित जोड्यांना ही कसोटी आंधळी आहे. ती उपयोगी पडते मिश्र जोड्या आणि वैश्विक किरण काढायला. वरून खाली आरपार गेलेला म्युऑन दोन विरुद्ध भाराच्या, शून्य आडव्या संवेगाच्या ट्रॅकसारखा दिसतो, पण वरच्या आणि खालच्या हिटमध्ये १४ नॅनोसेकंदांचा फरक असतो. तो लगेच सापडतो.

त्यामुळे पायॉन काढायचं बहुतेक काम टीपीसीतल्या (ट्रॅक टिपणारा वायूचा डिटेक्टर) ऊर्जाऱ्हासावर येतं. या संवेगांना इलेक्ट्रॉन ऊर्जाऱ्हासाच्या वरच्या पठारावर असतो आणि पायॉन किमान आयनीकरणाजवळ. ट्रॅक एकेकटे कापू नका, जोडीचा काय-स्क्वेअर करा: दोन्ही ट्रॅकच्या इलेक्ट्रॉनपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज, आणि तीच पायॉन धरून. इलेक्ट्रॉनवाली १० च्या खाली, आणि पायॉनवाली तिच्या किमान तिप्पट, अशी जोडअट घाला. एकेरी कटपेक्षा शुद्धता बरीच वाढते आणि कार्यक्षमता फारशी जात नाही.

दूषण राहिलं आहे का हे पाहायची एक जागा सांगते. पायॉनना चुकून इलेक्ट्रॉनचं वस्तुमान दिलं, तर रोचं शिखर ०.७७ ला दिसत नाही, ०.७२ जीईव्हीच्या आसपास सरकतं. तिथे उंचवटा दिसला की कट घट्ट करा. दुसरी खूण कोनात: इलेक्ट्रॉन जोड्या टोकांकडे वाढतात, रोचे पायॉन मध्यभागी जमतात.

शेवटी ब्रेम्सस्ट्राहलुंग, म्हणजे साहित्यात मंदावताना होणारं उत्सर्जन. बीम पाइप आणि आतल्या साहित्यात इलेक्ट्रॉन फोटॉन सोडतो, त्याचा संवेग कमी मोजला जातो आणि जोडीचा तोल बिघडतो. जोडीच्या आडव्या संवेगाला १०० एमईव्हीच्या पलीकडे शेपूट येतं. हे शेपूट नवीन भौतिकी समजू नका, आणि सरासरी काढताना सरसकट आतही घेऊ नका. सिम्युलेशनमधला साहित्याचा नकाशा फोटॉन रूपांतरांवर पडताळून मगच अनफोल्डिंग (डिटेक्टरचा परिणाम काढून मूळ वितरण मिळवणं) करा.

---

ऋणभार

न्यूट्रॉनची संभाव्यता बीच्या आत घेतल्यावर २२० मायक्रोबार्नच्या जवळ आलो. स्टारलाइटचाही आकडा तेवढाच आहे. २६१ ला अजून कमी पडतं. हे कुठलं अंतर?

---

बेसेलप्रेमी

तुम्ही बहुधा जोडी जिथे बनते त्या बिंदूचं दोन्ही केंद्रकांपासूनचं अंतर त्रिज्येपेक्षा जास्त अशी अट ठेवली आहे. स्टारलाइट ठेवतो. रो मेसॉनसारख्या हॅड्रॉनांसाठी ती समजण्यासारखी आहे, इलेक्ट्रॉनसाठी नाही. इलेक्ट्रॉनला तीव्र बल लागू नाही, त्यामुळे एका केंद्रकाच्या आत जोडी बनली तरी ती सुखरूप बाहेर येते. ती अट काढा, आणि त्रिज्येच्या आत बिंदुभाराचा फ्लक्स न वापरता फॉर्म फॅक्टरचा वापरा, नाहीतर बी शून्याकडे जाताना तो फुटेल. दोन केंद्रकं एकमेकांना न शिवण्याची अट मात्र राहू द्या, पण कडक पायरीऐवजी घातांकी(उणे ओव्हरलॅप × न्यूक्लिऑन क्रॉस सेक्शन) अशी. या ऊर्जेला तो ४२ मिलीबार्न. मोजमापावर ± ३४ मायक्रोबार्न फक्त एकूण मापाच्या अनिश्चिततेचे आहेत, त्यामुळे २६१ शी तंतोतंत बसवण्याच्या मागे लागू नका. आकार आणि कोन जास्त बोलके आहेत.

---

टीपीसीवाली

पुढे एलएचसीच्या शिसे-शिसे टकरींकडे वळणार असाल तर एवढं धरून ठेवा. ५.०२ टीईव्हीला गॅमा सुमारे २७००, म्हणून फोटॉनची कमाल ऊर्जा ३ जीईव्हीऐवजी ७५ च्या घरात जाते. तिथल्या अॅलिस प्रयोगामध्ये टाइम-ऑफ-फ्लाइट ३.७ मीटरवर आहे, तिथे पोचायला ०.२८ जीईव्ही लागतात, म्हणून खालच्या वस्तुमानाचा भाग टीपीसीवरच सोडावा लागतो. आणि तिथे याच प्रक्रियेचं एक रूप यंत्रालाच त्रास देतं: इलेक्ट्रॉन शिशाच्या केंद्रकाला बांधलेल्या अवस्थेतच बनतो, केंद्रकाचा भार ८२ वरून ८१ होतो, आणि ते केंद्रक वळणात १.२ टक्क्यांनी वेगळ्या वाटेने जाऊन एका ठरावीक जागी भिंतीवर आदळतं. त्याचा क्रॉस सेक्शन २८० बार्नच्या आसपास आहे, हॅड्रॉनी टकरींच्या पस्तीसपटीहून जास्त. २०१५ मध्ये या झोताने चुंबक क्वेंच होतो (तापून अतिवाहकता गमावतो) हे मुद्दाम करून पाहिलं गेलं. अॅटलास आणि सीएमएस या प्रयोगांच्या बाजूला कक्षेला थोडा बाक देऊन तो झोत चुंबक नसलेल्या जोडखंडात नेतात, आणि अॅलिसच्या बाजूला त्यासाठी वेगळे कॉलिमेटर (भरकटलेले कण अडवणारे ठोकळे) बसवले आहेत.